राणीच्या बागेतली झाडं कुणाच्या वहीत?

मंडळी, आधी जरा हात वर करायला लावतो. लहानपणी राणीच्या बागेत गेले नाहीत असे कोणी आहेत? एकही नाही. माकडं, हत्ती, पाणघोडा सगळ्यांना आठवतात. बरं, तिथली उर्वशी कुणी पाहिली आहे? (हशा) हसू नका, मी अप्सरेबद्दल विचारत नाही. भायखळ्याला याच नावाचं एक झाड आहे. तिघांचे हात वर आहेत. दीडशे माणसांत तीन. म्हणजे आजचा विषय योग्य खोलीत आला आहे.

विषय छापलाय तो असा: प्राणिसंग्रहालयातल्या झाडांची नोंद कशी ठेवावी. त्याकडे येतोच. पण आधी एक गोष्ट स्वच्छ करायला हवी, कारण तिच्यावर सगळं उभं आहे. आपण म्हणतो, राणीची बाग म्हणजे प्राणिसंग्रहालय आणि त्यात झाडंही आहेत. खरा क्रम उलटा आहे. ही बाग १८६२ साली उघडली ती झाडांसाठी. अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेची आधीची बाग शिवडीला होती. ती जागा पुढे दफनभूमीला गेली आणि सोसायटी भायखळ्याला आली. आपण ज्याला आता भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणतो, ते शेजारी १८७२ मध्ये सुरू झालं. प्राण्यांसाठी वेगळी जागा काढली ती १८९० च्या सुमारास. म्हणजे झाडं घरमालक आणि वाघ-सिंह तीस वर्षांनी आलेले भाडेकरू. आणि पेंग्विन? ते २०१६ साली दक्षिण कोरियातल्या सोलहून आले. काल आले म्हणायला हरकत नाही. पेंग्विनांवर माझा राग नाही, त्यांच्या पिल्लांची बारशी मी पेपरात आवडीने वाचतो. माझं म्हणणं त्या बारशापासूनच सुरू होतं: प्राण्याची नोंद होते, तशी झाडाची का नाही?

आता गोरखचिंचेची गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

गोरखचिंच म्हणजे बाओबाब. मूळची आफ्रिकेची. बुंधा इतका जाड की चार-पाच जणांनी हात धरले तरी कवेत येत नाही, आणि साल हत्तीच्या पायासारखी करडी. पावसाच्या तोंडाला तिला कळ्या येतात. लांब देठाच्या टोकाला एकेक हिरवी, लवदार, मोठ्या लिंबाएवढी कळी उलटी लोंबत असते. वीसेक वर्षांपूर्वी जूनमधल्या एका संध्याकाळी मी राणीच्या बागेतल्या गोरखचिंचेखाली मान वर करून उभा होतो. एका कळीच्या टोकाला बारीकशी फट पडलेली दिसत होती. मला कळलं, ही आज उमलणार. तेवढ्यात शिट्टी वाजली. बाग बंद व्हायची वेळ झाली होती.

पहारेकरी आले. म्हणाले, ‘काका, चला.’ मी म्हटलं, ‘दादा, एवढी कळी उमलू दे.’ त्यांनी वर पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, ‘ती आत्ता नाही उमलायची. अंधार पडायला लागला की उमलते. सकाळी सगळी फुलं खाली पडलेली असतात, झाडून झाडून बायकांचे हात दुखतात. आणि रात्री इथे वटवाघळं फार येतात, बरं का.’

मी वनस्पतिशास्त्र शिकवणारा माणूस. गोरखचिंचेचं परागीभवन फळं खाणारी वटवाघळं करतात, हे मी वर्गात कित्येक वर्षं सांगत होतो. फळ्यावर आकृती काढत होतो. ते प्रत्यक्ष पाहिलेला माणूस मला तिथे भेटला, आणि तो मला फाटकाकडे नेत होता. चालताना त्यांनी कुठल्या फांदीला आधी कळ्या येतात, गेल्या वर्षी बहर किती उशिरा आला, सगळं सांगितलं. मी घरी जाऊन ते उतरवून काढलं. माझ्या वहीतलं ते सगळ्यात मोलाचं पान आहे.

उमलणं मी पुढे पाहिलं, पण दुसरीकडे, रस्त्याकडेच्या एका गोरखचिंचेखाली. दिवस मावळला की हिरवा कोष फाटतो, त्याच्या पाकळ्या मागे वळतात आणि आतून चुरगळलेल्या मलमलीसारखं पांढरं फूल बाहेर येतं. हे सगळं डोळ्यांदेखत होतं. मधोमध पावडरच्या पफसारखा पुंकेसरांचा मोठा गोंडा. दुसऱ्या दिवशी तेच फूल तपकिरी होऊन खाली पडलेलं असतं आणि त्याला आंबूस, नासका वास येतो. दिवसा बाग बघणाऱ्याच्या वाट्याला एवढंच येतं.

ते पहारेकरी आता निवृत्त झाले असतील. त्यांना ठाऊक असलेलं कुणी लिहून घेतलं असेल का, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

बरं, वेळ किती झाला? अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. दहा मिनिटं. चालेल. पण सीता अशोकाचं सांगायलाच हवं.

एका सार्वजनिक बागेत, नाव सांगत नाही, एक जुना सीता अशोक होता. रस्त्याकडेला उंच, खांबासारखा वाढतो तो अशोक नव्हे, तो आसुपालव. खरा सीता अशोक बुटका, डेरेदार, आणि त्याची शेंदरी फुलं जुन्या फांद्यांवरच गुच्छांनी येतात. कोवळी पानं तांबूस, ओल्या रुमालासारखी लोंबणारी. त्या झाडाभोवती सुशोभीकरण म्हणून पार बांधला. बुंध्याला चिकटून सिमेंट आणि वर फरश्या. अन्नपाणी घेणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दोन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. माती दाबली, झाकली की त्यांना हवा मिळत नाही. हे मी पत्रात लिहिलं. दोनदा लिहिलं. तिसऱ्या वर्षी झाड शेंड्याकडून वाळत आलं, चौथ्या वर्षी गेलं. ‘वय झालं होतं’ असं मला सांगितलं. ओंडके टेम्पोत चढत असताना मी तिथे होतो. मुळं कुणीही उकरून पाहिली नाहीत. तेव्हा मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

आता मूळ मुद्दा, भराभर सांगतो. प्राणिसंग्रहालयातला प्रत्येक प्राणी कागदावर असतो. किती होते, किती जन्मले, किती आले, किती दिले, किती मेले, याची यादी दरवर्षी केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाला पाठवावी लागते. प्राणी मेला की शवविच्छेदन होतं, कारण लिहिलं जातं. राणीच्या बागेत त्याच कुंपणाच्या आत तीन हजारांवर झाडं आहेत, अडीचशेहून जास्त जातींची. आपल्याकडे १९७५ चा झाडांचा कायदा आहे, दर पाच वर्षांनी वृक्षगणना आहे, २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष ठरतं. हे सगळं चांगलंच आहे. पण गणना म्हणजे शिरगणती. मला हवं आहे ते प्रत्येक झाडाचं स्वतःचं पान.

त्या पानावर काय असावं? झाड कुठून आलं, छातीच्या उंचीवर घेर किती, बहर कधी, कोणत्या माळ्याच्या देखरेखीखाली आहे, आणि माळ्याने, पहारेकऱ्याने काय पाहिलं ते त्यांच्याच शब्दांत. झाड पडलं तर मुळं उकरून, खोड कापून कारण शोधायचं आणि तेही तिथेच लिहायचं. आणि त्याच्या जागी पुढे कोण, हेही आधीच ठरवायचं. ही उर्वशीच घ्या. मूळची ब्रह्मदेशातली. वॉलिच या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२७ च्या सुमारास ती तिथल्या एका मठाच्या बागेत पाहिली आणि जगाला कळवली. तिला बी फार क्वचित धरतं, म्हणून गुटी कलम करावं लागतं, म्हणजे झाडावरच्याच फांदीला मुळं फोडून घ्यायची. गुटीला मूळ फुटायला महिने लागतात आणि रोप फुलायला वर्षं. झाड म्हातारं झाल्यावर धावपळ करून हे होत नाही. कैलासपती, कृष्णवड, मेणबत्तीचं झाड, यांच्याबद्दल आज सांगायचं होतं, ते राहिलं.

दुसरी चिठ्ठी आली. थांबतो. एकच सांगायचं आहे. येत्या रविवारी बाग उघडायच्या वेळी मी भायखळ्याच्या फाटकाशी उभा असेन. शिंप्याची टेप, वही आणि पेन्सिल आणा. बुंध्याला दोरा गुंडाळायचा आणि तो टेपवर मोजायचा, सालीला कुठे ओरखडा उठू द्यायचा नाही. सुरुवात गोरखचिंचेपासून करू, तिला दोरा लांब लागेल.