संघ नव्हता तेव्हाची कोच

शिकागोच्या उत्तरेला, मिशिगन सरोवराच्या काठावर एव्हन्स्टन आहे. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ इथलंच. सन 2000 मध्ये या विद्यापीठाने केली अमॉन्टे हिलर यांना महिला लॅक्रॉस संघाच्या मुख्य प्रशिक्षक म्हणून नेमलं. वय फक्त 26. आणि ज्या संघासाठी नेमणूक झाली, तो अजून उभा राहायचा होता.

आधी खेळ बघून घेऊ. हातात लांब काठी, काठीच्या टोकाला जाळीची लहानशी झोळी. धावता धावता त्या झोळीत रबरी चेंडू झेलायचा, काठी सतत झुलवत राहून तो पडू द्यायचा नाही, सोबतिणीकडे फेकायचा, आणि जागा दिसली की गोलमध्ये मारायचा. एका बाजूला बारा जणी. पुरुषांच्या लॅक्रॉसमध्ये चालते तशी धडकाधडकी इथे चालत नाही. सगळी मदार पाय, मनगट आणि नजर यांच्यावर. मुळात हा खेळ उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासींचा. हौडेनोशॉनी लोक आजही त्याला देवाची देणगी मानतात.

नॉर्थवेस्टर्नकडे पूर्वी संघ होता, चांगला होता. 1980च्या दशकात सिंडी टिमशल तिथे कोच होत्या. त्या मेरीलँड विद्यापीठात गेल्या आणि पाठोपाठ, 1992 मध्ये, नॉर्थवेस्टर्नने संघाची अधिकृत मान्यताच काढून घेतली. हौशी मुलींचा क्लब तेवढा उरला.

तिकडे मेरीलँडमध्ये टिमशलबाईंच्या हाताखाली मॅसॅच्युसेट्सच्या हिंगहॅममधली एक मुलगी खेळत होती. भाऊ टोनी अमॉन्टे आइस हॉकीतला नामांकित खेळाडू. बहिणीने लॅक्रॉस गाजवलं: 1995 आणि 1996, दोन्ही वर्षी राष्ट्रीय विजेतेपद आणि दोन्ही वर्षी देशातली सर्वोत्तम खेळाडू. हीच केली. गुरूच्या मागे बंद पडलेला संघ पुन्हा उभा करायला शिष्या आली, आणि ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पण खेळायला येणार कोण? लॅक्रॉस म्हणजे तेव्हा पूर्व किनाऱ्याचा खेळ. लाँग आयलंड, बाल्टिमोर, फिलाडेल्फिया इथल्या तयार मुली मेरीलँड, व्हर्जिनिया, प्रिन्स्टन सोडून दूर शिकागोकडे कशाला येतील? मग केली यांनी तयार खेळाडू शोधण्याऐवजी धावणाऱ्या मुली शोधल्या. विद्यापीठाच्या आवारात ॲशली आणि कोर्टनी कोस्टर या जुळ्या बहिणी पळताना दिसल्या. दोघींनी लॅक्रॉसची काठी कधी हातात धरली नव्हती. केली यांनी त्यांना थांबवलं आणि संघात यायचं का म्हणून विचारलं. त्या आल्या.

2002 मध्ये संघ पुन्हा अधिकृत स्पर्धेत उतरला. पहिल्या वर्षी विजयांपेक्षा पराभव जास्त. आणि 2005 मध्ये? 21 सामने, 21 विजय. अंतिम फेरीत व्हर्जिनियाला 13-10 असं हरवून राष्ट्रीय विजेतेपद. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या टाइम झोनबाहेर हा चषक पहिल्यांदाच गेला. कोस्टर भगिनी त्या संघात होत्या.

त्याच उन्हाळ्यात संघ व्हाइट हाउसला राष्ट्राध्यक्षांना भेटायला गेला. फोटोत काही मुलींच्या पायात साध्या सपाता दिसल्या, आणि देशभरातल्या वर्तमानपत्रांत चर्चा रंगली ती सपातांची. मुलींनी त्याच सपाता लिलावात काढल्या आणि आलेले पैसे ब्रेन ट्यूमर झालेल्या एका लहान मुलीसाठी दिले. हा संघ कशा माणसांचा होता, ते मला इथे दिसतं.

पुढे 2009 पर्यंत सलग पाच विजेतेपदं. क्रिस्टन केलमन, ॲडलेडहून आलेली हॅना निल्सन, दोघींनी देशातल्या सर्वोत्तम खेळाडूचा टेवाराटन पुरस्कार दोन-दोनदा मिळवला. 2010 च्या अंतिम सामन्यात मेरीलँडकडून हार, 2011 च्या अंतिम सामन्यात त्याच मेरीलँडवर 8-7 असा विजय, 2012 मध्ये आणखी एक विजेतेपद.

आणि मग अकरा वर्षं काहीच नाही.

कोचची खरी परीक्षा या काळात होते, असं मी मानते. केली यांचा संघ वाईट खेळत नव्हता. 2019, 2021, 2022 या तिन्ही वर्षी उपांत्य फेरी गाठली, तिन्ही वेळा तिथेच अडला. 2022 ची हार सर्वांत जिव्हारी लागणारी. नॉर्थ कॅरोलायनाविरुद्ध मोठी आघाडी हातात होती. शेवटी निकाल 14-15. संघाची मुख्य गोल करणारी इझी स्केन गुडघ्याच्या दुखापतीमुळे तो हंगामच खेळू शकली नव्हती.

2023 चा पहिलाच सामना संघ हरला, एका गोलने. त्यानंतर एकही नाही. स्केन परतली होती. अंतिम सामन्यात बोस्टन कॉलेजवर 18-6 अशी मात, केली यांचं आठवं विजेतेपद. टिमशलबाईंची मेरीलँडमधली विजेतेपदंही आठच. 2024 आणि 2025 मध्येही संघ अंतिम फेरीत पोहोचला. दोन्ही वेळा हरला, पण पोहोचला.

या काळात त्यांच्या हाताखालच्या मुली स्वतः कोच झाल्या. शॅनन स्मिथ न्यूयॉर्कमधल्या हॉफस्ट्रात, डॅनियल स्पेन्सर स्टॅनफर्डमध्ये. 2005 च्या संघातल्या लिंडसी मंडेने तर आपल्या कोचसारखंच केलं: 2013 मध्ये लॉस एंजेलिसच्या दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात अगदी नवा संघ उभा करून मैदानात उतरवला.

त्याच लॉस एंजेलिसमध्ये 2028 चं ऑलिंपिक आहे. तिथे क्रिकेटबरोबर लॅक्रॉसही असेल, सहा-सहा जणांच्या छोट्या प्रकारात. पुरुषांचं लॅक्रॉस 1904 आणि 1908 मध्ये पदकासाठी खेळलं गेलं होतं; महिलांना ही संधी पहिल्यांदाच मिळते आहे. यावर शिक्कामोर्तब झालं ऑक्टोबर 2023 मध्ये, आपल्या मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात.