व्हरांड्यातला खटला

मंडळी, 'आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं' ही म्हण आपण हसत हसत वापरतो. आज ज्या बापाविषयी बोलायचं आहे, त्याच्या घरात ही म्हण चालत नव्हती. हार्पर ली यांच्या 'टू किल अ मॉकिंगबर्ड' या १९६० साली आलेल्या कादंबरीतला हा वकील, अ‍ॅटिकस फिंच. तुमच्यापैकी अनेकांनी पुस्तक वाचलं असेल, निदान ग्रेगरी पेकचा सिनेमा तरी पाहिला असेल, म्हणून गोष्ट भरभर सांगतो.

मंदीचा काळ, अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं मेकॉम्ब हे काल्पनिक गाव. टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय मजुरावर गोऱ्या मुलीवरच्या बलात्काराचा आरोप येतो आणि न्यायाधीश त्याचा बचाव अ‍ॅटिकसकडे सोपवतात. त्या राज्यात अशा आरोपाचं काय होत असे? १९३१ साली नऊ कृष्णवर्णीय मुलांना याच आरोपाखाली धरलं आणि काही आठवड्यांतच स्कॉट्सबरोच्या कोर्टात त्यांतल्या आठ जणांना मृत्युदंड सुनावला. ज्युरीत सगळे गोरे. अ‍ॅटिकसलाही निकाल आधीच माहीत आहे. आपण हरणार, हे तो लेकीपासून लपवत नाही.

कोर्टात तो पुरावा मांडतो. मुलीच्या चेहऱ्याची उजवी बाजू सुजली होती, म्हणजे मारणारा डावखुरा असावा. टॉमचा डावा हात तर लहानपणीच कापसाच्या यंत्रात सापडून निकामी झालेला. मग मुलीच्या बापाला, बॉब यूएलला, अ‍ॅटिकस कागदावर नाव लिहायला लावतो. तो डाव्या हाताने लिहितो. तरीही ज्युरी टॉमला दोषी ठरवते.

पण मला खटल्याच्या आधीची एक रात्र जास्त महत्त्वाची वाटते. टॉमला ठार मारायला जमाव येणार, ही कुणकुण लागल्यावर अ‍ॅटिकस ऑफिसातली खुर्ची आणि लांब वायर लावलेला एक दिवा घेऊन तुरुंगाच्या दारात जाऊन बसतो. हातात बंदूक नाही, वर्तमानपत्र आहे. खरं तर गावातला सर्वांत अचूक नेमबाज तोच, आणि हे त्याच्या मुलांना कितीतरी उशिरा कळलेलं असतं. लोक गाड्यांतून उतरतात. एवढ्यात त्याची आठ-नऊ वर्षांची लेक स्काउट धावत पुढे येते, गर्दीत ओळखीचा चेहरा शोधते आणि तुमचा वॉल्टर माझ्या वर्गात आहे, त्याला माझा नमस्कार सांगा, असं त्या माणसाला म्हणते. तो खाली वाकतो, सांगतो म्हणतो आणि सगळ्यांना घेऊन निघून जातो. पोरगी जे बोलली ते तिला कुणी पढवलं नव्हतं. घरात रोज जसं बोलणं कानावर पडत होतं, तसंच ती बाहेर बोलली.

आता शेवटाकडे येतो. कोर्टात उघडा पडल्यामुळे सूडाने पेटलेला बॉब यूएल अंधारात अ‍ॅटिकसच्या मुलांवर, स्काउट आणि तिचा थोरला भाऊ जेम यांच्यावर, हल्ला करतो. जेमचा हात मोडतो, यूएल मरतो. घराच्या व्हरांड्यात शेरीफ, म्हणजे तिथला पोलीसप्रमुख, म्हणतो, यूएल स्वतःच्याच सुरीवर पडला. अ‍ॅटिकसला वाटतं, हा माझ्या जेमला वाचवायला बघतोय. तो इतका हादरलेला आहे की जेमला तेरावं लागलं की नाही, हेही त्याला धड आठवत नाही. तरी तो नको म्हणतो. प्रकरण कोर्टात येऊ द्या. दाबलं, तर मी पोराला आजवर जे शिकवलं ते सगळं खोटं ठरेल.

इथे मी दरवेळी थांबतो. माझ्या मुलाने शेजाऱ्यांच्या गाडीची काच फोडली, तेव्हा माझ्या तोंडून निघालेला पहिला प्रश्न होता, "कोणी बघितलं का?" त्या वेळी मुलाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी अजून विसरलेलो नाही. नुसती एक काच होती. अ‍ॅटिकससमोर पोरावर येऊ शकणारा खुनाचा आरोप होता.

खरं तर शेरीफला जेमला वाचवायचंच नसतं. मुलांना सोडवलेलं असतं शेजारच्या बू रॅडलीने, वर्षानुवर्षं घराबाहेर न पडलेल्या त्या लाजऱ्या माणसाने. त्याला चव्हाट्यावर ओढायला शेरीफ तयार नाही. हे उमगल्यावर अ‍ॅटिकस बराच वेळ खाली बघत बसतो आणि मग मान्य करतो. काही जण म्हणतात, इथे तो कायद्यापुढे घसरला. मला तसं वाटत नाही. जी सवलत त्याने पोटच्या पोराला नाकारली, तीच त्याने शेजाऱ्याला दिली. स्वतःसाठी काटेकोर आणि दुसऱ्यासाठी मऊ, असा माणूस मी तरी फार कमी पाहिला आहे.

मग तो बूचे आभार मानतो, माझ्या मुलांसाठी, एवढंच म्हणून. आणि आत जाऊन जेमच्या उशाशी बसतो. सकाळी पोर जागं होईल तेव्हा तो तिथेच असणार असतो.