बिलांच्या दोन चळती

हे टेबल नीट बघा. डावीकडची चळत या महिन्यात भरायच्या बिलांची, उजवीकडची पुढे ढकलायच्या. आईच्या हातातलं एक बिल तीनदा इकडून तिकडे जाऊन आलंय. दारात उभा १३ वर्षांचा मुलगा तेच बघतोय. त्याच्या हातात शाळेच्या सहलीचा फॉर्म. तो त्याची घडी घालतो, मग आणखी एक, आणि फॉर्म खिशात जातो.

प्रसंग कलाकारांनी केलेला आहे. खऱ्या घरात अशा रात्री कॅमेरा न्यायला आमचं मन धजावलं नाही.

तंगी मुलांपर्यंत पोचते कोणत्या वाटेने? समाजशास्त्रज्ञ ग्लेन एल्डर यांनी १९६०च्या दशकात जुन्या नोंदी उघडल्या. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडची १६७ मुलं, जन्म १९२०-२१चा, म्हणजे १९३०च्या दशकातल्या महामंदीत ऐन वयात आलेली. घरचं उत्पन्न घटलं तसे मुलगे मिळेल त्या कामाला लागले, मुलींनी घर अंगावर घेतलं. महामंदीतल्या कुटुंबांच्या नोंदींत एल्डर यांना पुढे आणखी एक गोष्ट दिसली: वडिलांची वाढत गेलेली चिडचिड.

आता आयोवा, अमेरिकेतलं शेतीचं राज्य. १९८०च्या दशकात इथे जमिनीच्या किमती कोसळल्या आणि शेतकरी कर्जात बुडाले. १९८९मध्ये संशोधक रँड काँगर आणि सहकाऱ्यांनी ४५१ कुटुंबांचा अभ्यास सुरू केला. प्रत्येक घरात सातवीतलं एक मूल, त्याचं भावंड, आई आणि वडील. चौघांनी एकत्र बसायचं आणि ज्यावरून खटके उडतात त्यावर बोलायचं. समोर व्हिडिओ कॅमेरा चालू. पुढे निरीक्षक त्या टेप बघत आणि नोंदी करत: कोण कुणाला तोडून बोललं, कुणी समजून घेतलं, कोण गप्प बसलं.

वाट सापडली ती तिथे. बिलं थकली की आई-वडील खचतात. खचले की एकमेकांवर घसरतात, आणि तोच सूर मुलाशी बोलताना लागतो. म्हणून या आईला कुणी कठोर म्हणू नये. ती दमली आहे.

मुलांच्या वाट्याला उदासी येते, अभ्यास मागे पडतो. काहींची ती उदासी मोठेपणीही सुटत नाही.

पैसा आला तर? अमेरिकेतल्याच नॉर्थ कॅरोलायना राज्यात संशोधक जेन कॉस्टेलो यांचा मुलांवरचा अभ्यास १९९३पासून चालू होता. मध्येच तिथल्या चेरोकी या मूळनिवासी जमातीचा कॅसिनो सुरू झाला आणि नफ्याचा वाटा जमातीतल्या घराघरांत पोचू लागला. कुठलीही अट नाही. गरिबीतून वर आलेल्या घरांतल्या मुलांचं बेफाम वागणं, आक्रस्ताळेपणा कमी झाला, इतका की कधीच गरीब नसलेल्या मुलांच्या बरोबरीला आला. चिंता आणि नैराश्य मात्र फारसं हललं नाही. पालकांना मुलांकडे बघायला उसंत मिळाली, हे संशोधकांना सापडलेलं एक कारण.

टेबल आता रिकामं आहे. आई धुवायचे कपडे गोळा करते. सवयीने पँटचे खिसे चाचपते. कागद हाताला लागतो. ती एक घडी उलगडते. मग दुसरी.