पगारातली कपात थांबवताना: अमेरिकेतला दिवाळखोरीचा अर्ज आणि पेरोलचं वेळापत्रक

(दृश्य: पगाराची पावती, अगदी जवळून. कॅमेरा एकेका ओळीवर थांबतो.)

दोन आठवड्यांच्या पगाराची ही पावती. आकडे नमुन्याचे आहेत, मांडणी मात्र अमेरिकेत नेहमी दिसते तीच. एकूण पगार २,००० डॉलर. आयकर, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर मिळून ४०० गेले. उरले १,६००. खाली एक ओळ, ‘गार्निशमेंट’, म्हणजे थकलेल्या देण्यासाठी आदेशाने होणारी पगारातली कपात, आणि समोर ४००. त्यानंतर आरोग्यविम्याचे १२०, ४०१-के या निवृत्तीसाठीच्या बचत खात्याचे १००. बँकेत जमा झाले ९८०.

हे ४०० ठरवले संघीय कायद्याने. कायद्याने बंधनकारक असलेले कर वजा केल्यावर जे उरतं त्याच्या २५ टक्के, किंवा आठवड्याला २१७.५० डॉलरच्या वर जेवढं उरतं तेवढं, यांतली लहान रक्कम कापता येते. २१७.५० म्हणजे ताशी ७.२५ डॉलर या संघीय किमान वेतनाची तीस पट. विमा आणि ४०१-के या हिशेबात आधी वजा होत नाहीत. त्यामुळे कागदावरचे २५ टक्के घरात एक तृतीयांशासारखे जाणवतात. काही राज्यं याहून कडक आहेत. टेक्सास, पेनसिल्व्हेनिया, नॉर्थ कॅरोलायना आणि साउथ कॅरोलायना इथे क्रेडिट कार्डासारख्या देण्यासाठी पगाराला सहसा हात लावता येत नाही.

(दृश्य: राज्य न्यायालयाची इमारत. टेबलावर न उघडलेली पाकिटं.)

क्रेडिट कार्ड कंपनीला किंवा इस्पितळाला आधी दावा दाखल करून निकाल मिळवावा लागतो. असे कितीतरी निकाल एकतर्फी लागतात, कारण समन्सला उत्तरच दिलं जात नाही. निकालानंतर आदेश जातो तुम्ही काम करता त्या कंपनीच्या पेरोल विभागाकडे, म्हणजे पगार काढणाऱ्यांकडे, आणि कपात सुरू होते ती देणं फिटेपर्यंत.

आता दिवाळखोरीचा अर्ज. संघीय दिवाळखोरी न्यायालयात अर्ज दाखल झाला, की त्याच क्षणी कायद्याच्या कलम ३६२ खाली वसुलीवर आपोआप स्थगिती येते. न्यायाधीशाची सही लागत नाही, सुनावणी लागत नाही. दाखल झाल्याच्या पावतीवर तारखेबरोबर तास आणि मिनिटही छापलेलं असतं. त्या मिनिटानंतर जुन्या देण्यासाठी पगार कापणं बेकायदा.

पण पेरोलच्या टेबलावर बसलेल्या माणसाला हे कळणार कसं? न्यायालय सूचना पाठवतं ती घेणेकऱ्यांना, बहुतेक वेळा टपालाने, आणि ती पोचायला काही दिवस जातात. तुमची कंपनी तुमची घेणेकरी नाही. अर्जासोबतच्या घेणेकऱ्यांच्या यादीत तिचा पत्ता तुम्ही स्वतः घातला नसेल, तर तिला काहीच कळत नाही. तिच्या फायलीत अजून राज्य न्यायालयाचा जुना आदेश आहे आणि तो ती इमाने इतबारे पाळते आहे. अर्जानंतरही पगार कापला जातो तो बहुधा याच कारणाने. त्यात कुणाचा डाव नसतो, कागद पोचलेला नसतो.

म्हणून कळवण्याचं काम स्वतः करायचं, आणि त्याच दिवशी. वकील असेल तर त्याच्याकडून आजच करून घ्यायचं. तीन ठिकाणी कळवावं लागतं. पहिलं, घेणेकऱ्याचा वकील, कारण आदेश मागे घेण्याची जबाबदारी त्याच्या बाजूची. दुसरं, आदेश बजावणारा अधिकारी: कुठे शेरीफ, कुठे मार्शल, कुठे कॉन्स्टेबल. त्याचं नाव गार्निशमेंटच्या आदेशावरच सापडतं. तिसरं, कंपनीचा पेरोल विभाग. तुमच्या वरिष्ठाला सांगून भागत नाही. पगाराचं काम बाहेरच्या संस्थेकडे असेल तर गार्निशमेंटचा फॅक्स किंवा ईमेल वेगळा असतो, तो विचारून घ्या.

पत्र चार ओळींचं पुरतं: न्यायालयाचं नाव, केस क्रमांक, चॅप्टर ७ (सरळ कर्जमाफी) की १३ (हप्त्यांच्या योजनेने फेड), अर्ज दाखल झाल्याची तारीख आणि वेळ. सोबत दाखल झाल्याची पावती आणि गार्निशमेंटच्या आदेशाची प्रत. पेरोलवाल्याला दोन्ही कागद एकमेकांशी जुळवता आले, तर काम लवकर होतं. ज्या राज्य न्यायालयात निकाल लागला, तिथेही दिवाळखोरीची सूचना दाखल करावी. फॅक्सची पोच जपून ठेवा. पुढे कुणी ‘आम्हाला माहीत नव्हतं’ म्हणालं, तर हाच कागद उपयोगी पडतो.

(दृश्य: भिंतीवरचं कॅलेंडर. शुक्रवारच्या चौकटीत ‘पगार’.)

वेळेचं गणितही बघा. शुक्रवारी पगार असेल, तर पेरोल, म्हणजे पगाराचा हिशेब, बहुधा दोन-तीन दिवस आधीच बंद होतो. गुरुवारी अर्ज केला तर शुक्रवारचा पगार कापूनच येण्याची शक्यता मोठी. अर्ज सोमवारी केला आणि पेरोलला सोमवारीच कळवलं, तर तो पगार वाचू शकतो. अर्जानंतर कापलेले पैसे परत मागता येतात. आधी कंपनीकडे चौकशी करायची, रक्कम पुढे गेली असेल तर घेणेकऱ्याच्या वकिलाकडे. स्थगितीची कल्पना असूनही कुणी कपात चालूच ठेवली, तर न्यायालय नुकसानभरपाई आणि वकिलाची फी द्यायला लावू शकतं, प्रसंगी दंडात्मक भरपाईही.

घाई असेल तेव्हा अर्जासोबतचे सगळे तक्ते भरत बसायची गरज नसते. मूळ अर्ज, सोशल सिक्युरिटी क्रमांकाचं निवेदन, घेणेकऱ्यांची पत्त्यांसह यादी आणि पत-समुपदेशनाचं प्रमाणपत्र, एवढ्यावर केस उघडते. फी चॅप्टर ७ ला ३३८ डॉलर, चॅप्टर १३ ला ३१३. हप्त्यांनी भरण्याची परवानगी मागता येते. उरलेले तक्ते १४ दिवसांत द्यायचे. समुपदेशन मात्र अर्जाच्या आधीच्या १८० दिवसांत, मान्यताप्राप्त संस्थेकडूनच झालेलं हवं. ते ऑनलाइन किंवा फोनवर उरकतं, तरी अनेकांचं राहून जातं आणि केस फेटाळली जाते.

फेटाळलेल्या केसचा फटका पुढच्या केसला बसतो. वर्षभरात एक केस फेटाळली गेली असेल, तर नव्या अर्जाची स्थगिती ३० दिवसांतच संपते. ती वाढवून हवी असेल तर त्या ३० दिवसांत अर्ज करून सुनावणीही पूर्ण व्हावी लागते. वर्षभरात दोन फेटाळल्या गेल्या असतील, तर स्थगिती आपोआप येतच नाही. केवळ कपात अडवायला अर्धवट अर्ज टाकायचा, मग सोडून द्यायचा, हा सल्ला देणारे भेटतात. तो ऐकू नका.

मुलांच्या किंवा घटस्फोटित जोडीदाराच्या पोटगीची कपात थांबत नाही. ४०१-के मधून घेतलेल्या कर्जाचे हप्तेही चालू राहतात. संघीय शैक्षणिक कर्जाची वसुली, जी न्यायालयात न जाताही पगाराच्या १५ टक्क्यांपर्यंत होऊ शकते, ती स्थगितीपुरती थांबते. पण असं कर्ज सहसा माफ होत नाही, त्यामुळे केस संपल्यावर ती परत येऊ शकते. चॅप्टर १३ घेतलं तर पावतीवर नवीनच कपात दिसू शकते, कारण योजनेचा हप्ता पगारातूनच ट्रस्टीकडे, म्हणजे केसवर नेमलेल्या विश्वस्ताकडे, पाठवायचा आदेश न्यायालय काढू शकतं. ती जुनी गार्निशमेंट नव्हे. ती अडवायला गेलात, तर केसच धोक्यात येईल.

आधी गेलेल्या पैशांचं काय? अर्जाच्या आधीच्या ९० दिवसांत एकाच घेणेकऱ्याने पगारातून एकूण ६०० डॉलर किंवा जास्त घेतले असतील, तर ते परत मिळवण्याची वाट कायद्यात आहे. ट्रस्टीने ते मागितले नाहीत आणि ती रक्कम तुमच्या राज्यात सूट मिळणाऱ्या, म्हणजे घेणेकऱ्यांच्या हाती न जाणाऱ्या, मालमत्तेत बसत असेल, तर तुम्ही स्वतः मागू शकता. पहिल्या उदाहरणात दोन कपातींचे ८०० होतात. त्यामुळे त्या तीन महिन्यांच्या पावत्या फेकू नका. शेवटच्या ६० दिवसांच्या तर तशाही न्यायालयाला द्याव्या लागतात.

(दृश्य: सातबारा उतारा, शेजारी अर्जातला मालमत्तेचा तक्ता.)

इथून पुढचं न्यू जर्सीत, बे एरियात किंवा ह्यूस्टनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी नीट ऐकावं. अर्ज करायला नागरिकत्व लागत नाही, एच-१बी वर असलेला माणूसही करू शकतो. पण मालमत्तेच्या तक्त्यात जगात कुठेही असलेली मालमत्ता लिहायची असते. पुण्यातला फ्लॅट, सातबाऱ्यावरचा हिस्सा, पीपीएफ, एनआरई खातं, आईच्या लॉकरमध्ये ठेवलेलं स्वतःचं सोनं, सगळं. भावाला वर्षभरात उसने पैसे परत केले असतील, तर तेही. ट्रस्टी ती रक्कम भावाकडून मागू शकतो. दोन वर्षांत बहिणीच्या नावे हक्कसोडपत्र किंवा बक्षीसपत्र केलं असेल, तर त्यावर प्रश्न येणारच. ‘गावाकडचं इथे कोण बघतंय’ असं म्हणून काही लपवलं, तर कर्जमाफी नाकारली जाऊ शकते आणि खोट्या शपथेचा फौजदारी गुन्हाही लागू शकतो. हिस्सा उघड सांगितला म्हणून तो गेलाच असं नाही. सूट कशाला मिळते ते अर्जाच्या आधीच वकिलाकडून समजून घ्या.

नोकरी जाईल ही भीती अनेकांना असते. केवळ दिवाळखोरीचा अर्ज केला म्हणून कुणाला कामावरून काढणं कायद्याने मना आहे. नव्या नोकरीच्या मुलाखतीत खासगी कंपनीवर हे बंधन तितकं ठाम नाही, हेही लक्षात असू द्या.

चॅप्टर ७ मध्ये अर्जानंतर साधारण २१ ते ४० दिवसांत ट्रस्टीसमोर शपथेवर प्रश्नोत्तरं होतात. सगळं सुरळीत असेल, तर पहिल्या अर्जापासून चारेक महिन्यांत कर्जमाफीचा आदेश येतो आणि त्यात मोडणाऱ्या देण्यासाठी पगाराला कायमचा हात लावता येत नाही. त्याआधी एक काम उरतं: आर्थिक व्यवस्थापनाचा दुसरा वर्ग. पहिलं समुपदेशन वेगळं, हा वेगळा. त्याचं प्रमाणपत्र ट्रस्टीच्या बैठकीच्या पहिल्या नेमलेल्या तारखेपासून ६० दिवसांच्या आत न्यायालयात पोचायला हवं. ते राहिलं तर केस कर्जमाफीशिवायच बंद होते, ती पुन्हा उघडायला वेगळी फी पडते, आणि मधल्या काळात जुन्या निकालावर पगार कापायला घेणेकरी मोकळा होतो.