पोटाच्या कलानं 113 किलोमीटर

(दृश्य: मिरामार किनारा, पणजी. उजाडायला अजून वेळ आहे. सायकलींच्या रांगा, डोक्याला टॉर्च बांधून टायरमध्ये हवा भरणारे खेळाडू.)

शर्यतीच्या सकाळी मिरामारवर सगळ्यांत लांब रांग लागते ती फिरत्या शौचालयांपुढे. वर्षभर पहाटे उठून पोहलेली, घाट चढलेली, मैलोन्‌मैल पळालेली माणसं तिथे मुकाट उभी असतात. गुडघा दुखतोय हे एकमेकांना सांगतात, पोटरीला कुठली पट्टी लावली तेही दाखवतात. पोटाचा विषय मात्र कुणी काढत नाही.

मी काढणार आहे. मला आयबीएस आहे, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. रक्त तपासा, सोनोग्राफी करा, दुर्बीण घाला, रिपोर्ट सगळे नॉर्मल येतात. तरी मुरडा येतो, पोट फुगून टम्म होतं, कधी सकाळपासून तीन-चारदा जावं लागतं तर कधी दोन दोन दिवस काहीच नाही. ‘मनावर घेऊ नकोस’ असं सांगणारे पुष्कळ भेटले. पण हा खरा आजार आहे. आतड्यांची हालचाल, तिथल्या नसांची संवेदना आणि मेंदू यांचं आपसात जमत नाही. ताण आला की आणखी बिनसतं. आणि शर्यतीच्या सकाळी ताण येणारच.

(दृश्य: समुद्र. पिवळे बोये. पलीकडे मांडवीचं मुख.)

समुद्रात 1.9 किलोमीटर पोहायचं, बाहेर येऊन 90 किलोमीटर सायकल, मग 21.1 किलोमीटर धावायचं. बेरीज 113 किलोमीटर. मैलांत ती 70.3 होते, म्हणून या अंतराला जगभर ‘सेव्हंटी पॉइंट थ्री’ म्हणतात. हे सगळं संपवायची मुदत साडेआठ तास. आयर्नमॅन हे अशा तिहेरी शर्यतींच्या मालिकेचं नाव. भारतातली पहिली आयर्नमॅन 70.3 याच किनाऱ्यावर 20 ऑक्टोबर 2019 ला झाली, तेव्हापासून कोल्हापूर, पुणे, मुंबई, नाशिककडची मंडळी गोव्याला येत राहिली आहेत. मी कोल्हापूरची.

(दृश्य: कोल्हापूर. स्वयंपाकघर. कढईत फोडणी.)

कोल्हापूरची आहे म्हटल्यावर जेवणाचं सांगायलाच हवं. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला मोनॅश विद्यापीठ आहे. तिथल्या संशोधकांनी आयबीएसच्या रुग्णांसाठी एक आहारपद्धत तयार केली, तिला लो-फॉडमॅप म्हणतात. फॉडमॅप म्हणजे अशा काही शर्करा, ज्या लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत. त्या पाणी ओढून घेतात, पुढे मोठ्या आतड्यात जाऊन आंबतात, गॅस करतात. कशाकशात असतात त्या? कांद्यात, लसणात, गव्हात, मटकीत, हरभऱ्यात, दुधात. म्हणजे मटकीची मिसळ, वर चिरलेला कांदा, कांदा-लसूण मसाल्याचा कट आणि सोबत पाव! आहारतज्ज्ञांनी यादी हातात दिली तेव्हा आमच्या घरात शांतता पसरली.

“कांदा न्हाई, लसूण न्हाई, मग आमटीत घालू काय मी?” आईचा पहिला प्रश्न.

“हिंग-जिरं घाल, आलं घाल आई. तिखट मात्र कमी कर.”

“तिखटबी न्हाई? मग आजाऱ्याचं जेवण झालं की गं ते.”

तरी तिनंच मार्ग काढला. ज्वारीची भाकरी चालते. भात चालतो, नाचणी चालते. बटाटा, गाजर, दोडका, भोपळी मिरचीचा थोडा वापर, मुगाचं पातळ वरण बेतानं. लसणाच्या त्रासदायक शर्करा पाण्यात उतरतात पण तेलात उतरत नाहीत, म्हणून ती अख्ख्या पाकळ्या तेलात परतून काढून टाकते आणि त्या तेलाची फोडणी देते. वास तोच, चव तीच. आहारतज्ज्ञांनी हे सांगितलं तेव्हा आईचा चेहरा खुलला होता. सगळे पदार्थ कायमचे बंद नसतात, हेही सांगते. काही आठवडे बंद ठेवून मग एकेक परत घालून बघायचा, आपल्याला नेमकं काय बाधतं ते शोधायचं. हे जाणत्याच्या देखरेखीखालीच करावं.

(दृश्य: पट्टीवर ठेवलेली दोन केळी. एक हिरवट पिवळं, एक ठिपके पडलेलं.)

ही दोन केळी बघा. शर्यतीत जागोजागी केळी देतात. केळं जसं पिकतं तशा त्यातल्या या शर्करा वाढतात, असं मोनॅशच्याच तपासण्यांत दिसलं. हिरवट, कडक केळं माझ्या पोटाला सोसतं, ठिपक्यांचं सोसत नाही. म्हणून मी माझं केळं घरून नेते.

(दृश्य: सायकलवर पुढे वाकलेली खेळाडू. मंद गतीतलं चित्रण.)

आता ज्यांना आयबीएस नाही त्यांच्याबद्दल. लांब पल्ल्याच्या शर्यतीत धडधाकट खेळाडूंचीही पोटं बिघडतात, आणि त्याला कारण आहे. जोर लावला की रक्त मांड्यांकडे, पोटऱ्यांकडे धावतं. गोव्याच्या दमट उन्हात अंग गार ठेवायला त्वचेकडेही धावतं. ते येतं कुठून? बरंचसं पोटातून. जोरदार व्यायामात आतड्यांचा रक्तपुरवठा 80 टक्क्यांपर्यंत घटू शकतो. उपाशी पडलेल्या त्या आतड्याला आपण त्याच वेळी साखर पचवायला सांगतो. त्याचं अस्तर नाजूक होतं, गळू लागतं. मग मळमळ, कळा, उलटी, जुलाब. धावताना तर प्रत्येक पावलाला हादरा असतो. यावर कुणी शर्यतीआधी आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेतली असेल, तर आतड्याला इजा व्हायची शक्यता आणखी वाढते. ‘दुखू नये म्हणून एक घेऊन ठेवते’ म्हणणारे स्टार्टजवळ दिसतात. कळकळीनं सांगते, घेऊ नका.

मोठमोठ्यांना हे चुकलेलं नाही. ब्रिटनची धावपटू पॉला रॅडक्लिफ 2005 च्या लंडन मॅरेथॉनमध्ये आघाडीवर होती, आणि टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर तिला रस्त्याच्या कडेला बसावं लागलं. उठली, पळाली, 2 तास 17 मिनिटं 42 सेकंदांत जिंकली. लोक त्या प्रसंगाला अजून हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. शरीरानं मागितलं ते तिनं दिलं आणि पुढे गेली. मी तो क्षण पुन्हा पुन्हा बघितला आहे, धीर यावा म्हणून.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. निर्वासितांची छावणी.)

आता थोडं आडवळण घेते, कारण माझ्या बाटलीत जे मीठ-साखरेचं पाणी असतं त्याची गोष्ट तिकडे जाते. 1971. बांगलादेश मुक्तिसंग्रामातले निर्वासित पश्चिम बंगालमध्ये बनगावच्या छावणीत दाटले होते आणि कॉलरा पसरला होता. सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा ठरावीक प्रमाणात पाण्यात घालून रुग्णांना पाजायला सुरुवात केली. नातेवाइकांच्या हातात पेले दिले. जिथे शंभरातले तीसेक रुग्ण दगावत होते, तिथे ते प्रमाण चारच्या खाली आलं. हे जमलं कारण लहान आतड्याच्या भिंतीत एक वाहक आहे, तो सोडियम आणि ग्लुकोज दोघांना बरोबरच आत घेतो, आणि त्यांच्यामागून पाणी जातं. आजारानं आतडं बेजार असलं तरी ही वाट उघडी राहते. महालनबीस 2022 मध्ये गेले, 2023 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

शर्यतीत आम्ही ज्या जेल, म्हणजे घट्ट साखरपाकाच्या पुड्या, खातो त्यांचं गणितही याच वाहकावर बसलेलं आहे. तो तासाला साधारण 60 ग्रॅम ग्लुकोज नेऊ शकतो. त्याहून जास्त ओतलं तर ते आतड्यातच पडून राहतं आणि उलट पाणी खेचतं. फ्रुक्टोजला वेगळा वाहक आहे. दोन्ही मिसळून घेतलं तर तासाला 90 ग्रॅमपर्यंत मजल जाते. मात्र जादा फ्रुक्टोज हीच माझ्यासारखीची दुखरी जागा. म्हणून जाहिरातीतला 90 चा आकडा माझ्या कामाचा नाही. मला माझा आकडा शोधायचा होता.

(दृश्य: पन्हाळ्याचा रस्ता. सायकलच्या दांड्यावर चिकटपट्टीनं लावलेला कागद: वेळ आणि ग्रॅम.)

तो सरावात शोधला. पायांना जसा हळूहळू भार वाढवून द्यायचा, तसाच पोटाला. आधी तासाला 30 ग्रॅम, सोसलं की 40, मग 45. तेही दर पंधरा मिनिटांनी थोडं थोडं. आतड्याला सवय लागते, वाहकांची संख्या वाढते, पोट भरल्यासारखं वाटणं कमी होतं. माझ्या सरांनी वहीत पोटासाठी वेगळा रकाना आखून दिला: काय खाल्लं, कधी खाल्लं, ऊन किती होतं, काय झालं. रविवारच्या लांब सायकलीत मीठ लावलेले उकडलेले बटाट्याचे तुकडे, मऊ भाताचे छोटे लाडू आणि एकच ठरलेली जेल. शर्यतीच्या दोन दिवस आधीपासून चोथा कमी: पांढरा भात, बटाटा, अंडं. कोशिंबीर बंद, चहा अर्धा कप.

(दृश्य: शर्यत. भोंगा. पाण्यात शिरणारे खेळाडू.)

ऑक्टोबर-नोव्हेंबरात इथलं पाणी कोमट असतं, अंग उबदार ठेवणाऱ्या वेटसूटला परवानगी नसते. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण 35 ग्रॅम मीठ, आपल्या रक्तातल्या मिठाच्या तिपटीहून जास्त. दोन मोठे घोट पोटात गेले तरी मळमळतं. म्हणून लाटेच्या विरुद्ध बाजूला तोंड वळवून श्वास घ्यायचा सराव केला होता. डावीकडून लाट, उजवीकडे श्वास. बाहेर आले तेव्हा पोट शांत होतं.

सायकलवर दोन तास छान गेले. मग 60 किलोमीटरच्या सुमाराला बेंबीखाली ती ओळखीची कळ आली. सूर्य वर आलेला, रस्त्यावरून वाफ येतेय. एअरो बारवर, म्हणजे कोपरं टेकायच्या पुढच्या दांड्यांवर, वाकलं की पोट दाबलं जातं, म्हणून उठून सरळ बसले. जेल बंद, वीस मिनिटं फक्त पाण्याचे घोट. वेग उतरवला, कारण रक्त पोटाकडे परत वळवायचा तोच एक मार्ग आहे. शेजारून लोक पुढे जात होते. जाऊ दिलं.

पुढच्या पाणी-थांब्यावर एक कोवळा मुलगा बाटली धरून उभा होता. “ताई, उदक जाय?”

“संडास कुठे आहे रे?”

तो जराही अवघडला नाही. हातातली बाटली बाजूला ठेवली, माझी सायकल धरली आणि बोट दाखवलं. “थंय. हांव सायकल धरतां.” त्या मुलाचे आभार मला इथे मानायचे आहेत. सहा-सात मिनिटं गेली असतील. पुन्हा सायकलवर बसले तेव्हा अंग हलकं होतं.

(दृश्य: मिरामार-दोनापावल रस्ता. धावणारे, चालणारे खेळाडू. बर्फ, स्पंज.)

धावताना खरी कसोटी. इथे मला क्रिस ले आठवतो. ऑस्ट्रेलियाचा हा खेळाडू 1997 मध्ये हवाईच्या आयर्नमॅनमध्ये शेवटच्या रेषेपासून पन्नासेक मीटरवर कोसळला. शरीर इतकं कोरडं पडलं होतं की आतड्याचा रक्तपुरवठाच तुटला. शस्त्रक्रिया करून मोठ्या आतड्याचा भाग काढावा लागला. पुढे तो शर्यतींत परतला. त्याची गोष्ट ‘जिद्द’ म्हणून सांगितली जाते. मी ती सावधगिरीसाठी लक्षात ठेवते. मुरडा, गॅस, मळमळ यांच्याशी जुळवून घेता येतं. रक्त पडलं, शौच डांबरासारखं काळं झालं, उलट्या थांबेनात, डोळ्यांपुढे अंधारी आली, बोलणं अडखळलं, तर तिथेच थांबायचं आणि वैद्यकीय तंबूत जायचं. हे मी नवऱ्यालाही लिहून दिलं होतं. मी नाही म्हटलं तरी थांबव, असं.

तशी वेळ आली नाही. प्रत्येक थांबा चालत पार केला. बर्फ टोपीत, बर्फ मानेवर. अंग गार राहिलं तर पोटाला रक्त मिळतं. गॅस उडालेल्या कोलाचे दोन घोट, मग पाणी, पुढच्या थांब्यावर पुन्हा तेच. तहानेपेक्षा जास्त पाणीही ढोसलं नाही, त्यानं रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते जिवावर बेतू शकतं. दुसऱ्या फेरीत पुन्हा एकदा कळ आली. चालले. गेली. पळाले.

(दृश्य: अंतिम रेषा. घड्याळ. पदक गळ्यात पडताना.)

साडेआठ तासांच्या आत. मनात धरलेल्या वेळेपेक्षा बरीच उशिरा, तरी या शर्यतीवर मी खूश आहे. जे जे ठरवलं होतं ते कळ आली तेव्हा आठवलं आणि केलं.

(दृश्य: घर. फोनची स्क्रीन, अनोळखी लोकांचे संदेश.)

परतल्यावर मी हे सगळं आमच्या सायकल ग्रुपवर लिहिलं, संडाससकट. त्या रात्री आलेल्या संदेशांत बायका जास्त होत्या. लांब रायडला जाताना आदल्या दुपारपासून जेवत नाही, रस्त्यात जायला जागा नसते म्हणून पाणीच पीत नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. पाण्याशिवाय 80 किलोमीटर! आता आमचा ग्रुप रूट ठरवताना पेट्रोल पंप आणि हॉटेलांची स्वच्छतागृहं आधी खुणा करून घेतो. कुठलं उघडं असतं, कुठे पाणी असतं, सगळं लिहिलेलं.

येत्या रविवारी पन्हाळा आहे. तासाला 50 ग्रॅमची पहिली चाचणी, सोबत तिघी नव्या जणी. जमतंय की नाही ते वाघबीळच्या चढापर्यंत कळेल.