मोबदल्याची वाट न पाहणारी प्रीती

बायबलमधील ईयोबाच्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात सैतान देवाला विचारतो, की ईयोब तुझे भय धरतो ते काय फुकट? ईयोबाजवळ ७,००० मेंढरे आणि ३,००० उंट आहेत, घर मुलाबाळांनी भरलेले आहे, आणि हे सारे काढून घेतले तर तो देवाला तोंडावर शाप देईल, अशी सैतानाची खात्री आहे. हा प्रश्न दुष्ट हेतूने विचारलेला असला, तरी प्रार्थना करणाऱ्या प्रत्येकाला तो लागू पडतो. आजारपण टळावे, नोकरी लागावी, मुलांचे चांगले व्हावे, म्हणून आपण देवापुढे गुडघे टेकतो. त्यात गैर काहीच नाही, कारण रोजची भाकर मागायला प्रभू येशूनेच शिकवले. परंतु मागितलेले मिळाले नाही, तर देवावरची आपली प्रीती किती उरते?

बाराव्या शतकातील फ्रान्समधले मठाधिपती संत बर्नार्ड यांनी या प्रीतीच्या चार पायऱ्या सांगितल्या. माणूस प्रथम स्वतःसाठी स्वतःवर प्रेम करतो. मग अडचणीत सापडला, की स्वतःच्या गरजेपोटी देवावर प्रेम करू लागतो. असे वारंवार देवाकडे येता येता देवाच्या चांगुलपणाची गोडी लागून तो देवासाठीच देवावर प्रेम करतो. आणि शेवटी स्वतःवरचे त्याचे प्रेमही केवळ देवासाठी उरते. ही शेवटची पायरी या जन्मात कोणाला पुरतेपणी गाठता येते की नाही, याविषयी बर्नार्ड यांना स्वतःलाच शंका होती. मला मात्र त्यांचे दुसऱ्या पायरीविषयीचे बोलणे अधिक मोलाचे वाटते, कारण गरजेपोटी देवाकडे येणाऱ्याला त्यांनी हिणवले नाही. उलट त्याच वाटेने तो पुढे जातो, असे त्यांनी मानले.

मार्कच्या शुभवर्तमानात एक शास्त्री, म्हणजे यहुदी धर्मशास्त्राचा जाणकार, येशूला विचारतो, की सर्वांत पहिली आज्ञा कोणती? त्याने एकच आज्ञा विचारली होती, पण उत्तरात त्याला दोन मिळाल्या: पूर्ण मनाने, जिवाने, बुद्धीने आणि शक्तीने देवावर प्रीती कर, आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर. यांपैकी दुसरी आज्ञा जुन्या करारातील लेवीय या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायातली आहे आणि तिच्या आगेमागे कोणते नियम आले आहेत, ते पाहण्याजोगे आहे. शेताच्या कडेचे पीक कापू नको, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू दे. मजुराची मजुरी रात्रभर स्वतःजवळ ठेवू नको. आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नको. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नको. बहिऱ्याला शिवी ऐकूच जात नाही, म्हणून तो उलटून बोलणार नाही, आणि तुम्ही गप्प राहिलात हेही त्याला कळणार नाही. जिथे ना भीती आहे ना शाबासकी, तिथे माणूस कसा वागतो, हे या आज्ञेला पाहायचे आहे. लूकच्या १४ व्या अध्यायात येशू जेवणावळ घालणाऱ्याला हेच सांगतो, की ज्यांना परतफेड करता येत नाही अशा गरिबांना, लंगड्यांना आणि आंधळ्यांना बोलाव.

शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, तेव्हा यहूदा अजून तिथेच होता. तो घात करणार हे ठाऊक असताना त्याचेही पाय त्या हातांनी धुतले आणि पुसले.

इथे एक सावधगिरी हवी. प्रेषित पौल लिहितो, की मी आपले सर्व धन अन्नदानासाठी दिले, पण माझ्या ठायी प्रीती नसली, तर मला काही लाभ नाही. म्हणजे बाहेरून दिसणारा त्याग नेहमी प्रीतीतूनच येतो असे नाही. तसेच आज्ञेत ‘स्वतःसारखी’ असे म्हटले आहे, त्यामुळे घरात मार खाणाऱ्या व्यक्तीला निःस्वार्थ प्रीतीच्या नावाने ‘सोसत राहा’ असे सांगणे हा या शिकवणीचा उघड दुरुपयोग आहे.

हवाई बेटांच्या राज्यात १८६५ च्या कायद्याने कुष्ठरोग्यांना समाजातून वेगळे काढण्यात आले आणि पुढच्या वर्षापासून त्यांना मोलोकाई बेटाच्या एका टोकाला नेऊन सोडू लागले. तिथे तीन बाजूंना समुद्र आणि चौथ्या बाजूला उभे कडे होते. बेल्जियमचे ३३ वर्षांचे फादर डेमियन १० मे १८७३ रोजी तिथे गेले. धर्मगुरूंनी आळीपाळीने जावे असे ठरले होते, पण पहिल्या पाळीला गेलेले डेमियन तिथेच राहिले. जखमांच्या दुर्गंधीने त्यांना सुरुवातीला उभे राहवत नसे, म्हणून ते पाइप ओढू लागले. ही बारीकशी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण प्रीतीने त्यांची किळस नाहीशी केली नव्हती. किळस असतानाच ते जखमा धूत, पट्ट्या बांधत, शवपेट्या बनवत आणि कबरी खणत. त्याच वर्षी भावाला लिहिलेल्या पत्रात ते सांगतात, की प्रवचनात मी ‘आम्ही कुष्ठरोगी’ असे म्हणतो. तेव्हा त्यांना तो रोग झालेला नव्हता. पुढे १८८४ मध्ये कढत पाण्यात पाय पडूनही वेदना जाणवली नाही, तेव्हा त्यांना रोगाची लागण झाल्याचे कळून चुकले. वेदीवरील पवित्र भाकरीत असलेल्या प्रभूच्या नित्य सान्निध्यावाचून आपण इथे टिकलोच नसतो, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. म्हणून त्यांची सेवा आणि त्यांची उपासना ही वेगळी मोजता येत नाहीत.

डेमियन १५ एप्रिल १८८९ रोजी वारले. त्यांच्या मृत्यूच्या काही महिने आधी सिस्टर मरियान कोप आपल्या सहकारी भगिनींसह तिथे आल्या होत्या. डेमियन यांनी सांभाळलेल्या मुलांच्या वसतिगृहाची जबाबदारीही पुढे त्यांच्याकडेच आली, आणि १९१८ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या त्याच वस्तीत राहिल्या.