वाटेत दोन रात्री अ‍ॅमस्टरडॅमला

नमस्कार श्रोते हो.

मुंबईहून अमेरिकेला, मुलाकडे किंवा लेकीकडे निघालेली बरीच कुटुंबं हल्ली म्हणतात, मध्ये युरोपात एक-दोन दिवस उतरू या. वीस-बावीस तासांचा प्रवास एका दमात झेपत नाही, आजीचे गुडघे आखडतात, मुलं रडकुंडीला येतात. तेव्हा विचार अगदी चांगला आहे. पण बहुतेक घरांत तो उलट्या टोकाने सुरू होतो. आधी बघायच्या ठिकाणांची यादी, मग हॉटेल, आणि व्हिसा अन् बॅगांची आठवण सगळ्यात शेवटी. माझं सांगणं असं की आधी व्हिसा, मग तिकीट, मग बॅगा, मग झोप. एवढं बसवून जो वेळ उरेल, त्यात शहर.

आज उदाहरणाला अ‍ॅमस्टरडॅम घेऊ. मुंबईहून थेट विमान आहे, आणि स्किपोल विमानतळाच्या पोटातच रेल्वे स्टेशन आहे. आणि माणसं धरू चार : आई, बाबा, आजी आणि सात वर्षांची मुलगी.

पहिली गोष्ट व्हिसा. पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा आहे म्हणजे विमानतळाबाहेर पडता येईल, हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. त्या व्हिशावर फार तर विमानतळाच्या आत बसून पुढचं विमान पकडता येतं. शहरात पाऊल टाकायचं तर शेंगेन व्हिसा हवा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. तो प्रत्येकाचा वेगळा, मुलीचासुद्धा. शुल्क सध्या मोठ्यांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५, सहाच्या आतल्यांना काही नाही. अर्ज घेणाऱ्या केंद्राचा सेवा आकार वेगळा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि पंधरा दिवसांच्या आत आलात तर घेत नाहीत. पण पंधरा ही शेवटची रेघ आहे, तिच्यावर विसंबू नका. उन्हाळी सुट्टीसाठी अर्जाच्या भेटीची तारीखच लवकर मिळत नाही, म्हणून तीन-चार महिने आधी लागा. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, शेंगेन सोडल्यानंतर निदान तीन महिने चालणारा, आणि दोन पानं कोरी. अर्जासोबत पुढच्या प्रवासाचं आरक्षण आणि अमेरिकेचा व्हिसा जोडला, की दोन रात्रींचा मुक्काम का, ते वेगळं समजवावं लागत नाही.

इथे एक बारकी खाच आहे. एकदाच प्रवेशाचा व्हिसा मिळाला आणि जाताना तो वापरला, तर तो संपला. परतीच्या तिकिटात दोन शेंगेन विमानतळ असतील, समजा न्यूयॉर्कहून पॅरिस, पॅरिसहून फ्रँकफर्ट आणि मग मुंबई, तर पॅरिस ते फ्रँकफर्ट हा त्यांच्या दृष्टीने घरातल्या घरातला प्रवास असतो. म्हणजे पॅरिसला शेंगेनमध्ये प्रवेश करणं आलं, आणि व्हिसा तर वापरून झालेला. अशा वेळी माणसाला न्यूयॉर्कलाच विमानात चढू देत नाहीत. म्हणून परतीला शेंगेनमधलं एकच विमानतळ येईल असं तिकीट घ्या. लंडन शेंगेनमध्ये नाही, तिथे उतरायचं तर ब्रिटनचा वेगळा व्हिसा.

आता तिकीट. जाण्याचं आणि परतीचं साधं तिकीट काढून मधल्या शहरात उतरून राहू, असं करू नका. एक टप्पा चुकवला की पुढचे सगळे टप्पे आपोआप रद्द होतात. तिकीट काढतानाच 'मल्टी-सिटी' निवडायचं : मुंबई ते अ‍ॅमस्टरडॅम एका तारखेला, अ‍ॅमस्टरडॅम ते न्यूयॉर्क दोन दिवसांनी, मग परतीचा प्रवास. सगळं एकाच पीएनआरवर. स्वस्त दिसतात म्हणून दोन वेगळी तिकिटं घेतली, तर दुसऱ्या टप्प्याला सामानाचा नियम वेगळा लागू शकतो, आणि ऐनवेळी पुढचं विमान चुकलं तर जबाबदारी आपली.

उतरायचं जाताना की येताना? जाताना, असं माझं स्पष्ट मत आहे. उन्हाळ्यात अ‍ॅमस्टरडॅमचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं आणि न्यूयॉर्कचं साडेनऊ तास. म्हणजे एकदम साडेनऊ तासांचा फरक पडण्याऐवजी तो साडेतीन आणि सहा असा दोन हप्त्यांत पडतो. येताना उलटं होतं. अमेरिकेहून रात्रभर उडून सकाळी युरोपात उतरायचं, आणि शरीराच्या लेखी अजून मध्यरात्र असते. त्या दिवशी कुणी काही बघत नाही.

आणि रात्री दोन घ्या. एक रात्र म्हणजे पहिला दिवस पेंगत आणि दुसरा बॅगा भरत.

बॅगांकडे येऊ. मुक्काम चोवीस तासांच्या आतला असेल तर चेक-इन केलेल्या बॅगा सहसा थेट अमेरिकेला जातात. चोवीस तासांपेक्षा जास्त असेल तर त्या अ‍ॅमस्टरडॅमलाच हातात येतात. मुंबईच्या काउंटरवर बॅगेला लागणारा कागदी पट्टा स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. त्यावर ए-एम-एस ही अक्षरं हवीत. न्यूयॉर्कची जे-एफ-के दिसली, तर तिथल्या तिथे सांगा. पट्ट्यावर बॅग एकदा आत सरकली की तुमचे गरम कपडे पुढे जातात आणि तुम्ही मागे राहता.

अमेरिकेच्या तिकिटावर माणशी २३ किलोच्या दोन बॅगा असल्या तर चौघांच्या आठ झाल्या, म्हणजे १८४ किलो. एवढं सामान एका साध्या टॅक्सीत मावत नाही आणि ट्रेनमध्ये चढवताना आजीकडे बघायला कुणी उरत नाही. म्हणून मुंबईतच एक बॅग 'मुक्कामाची' करा. चौघांचे दोन दिवसांचे कपडे, स्वेटर, टोपीचे रेनकोट, खाऊ, चार्जर आणि गोल पिनांचा प्लग. छत्र्या नकोत, तिथला वारा त्या उलट्या करतो. आजीची औषधं मात्र हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. उरलेल्या सात बॅगा स्किपोलच्या तळघरात सामान ठेवण्याची सोय आहे तिथे ठेवायच्या. दर बॅगेमागे आणि दिवसामागे पैसे पडतात. ते खर्चात आधीच धरा, तिथे कसर करू नका.

बॅगा तिथे हातात येणार म्हणजे कस्टम्सही तिथलंच लागणार, हे फार जण विसरतात. बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला युरोपीय संघात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे लेकीसाठी घेतलेला साजूक तुपाचा डबा, खवा, पनीर, सगळं बाद. फळांचंही तसंच. रोगमुक्तीच्या सरकारी दाखल्याशिवाय चालतात ती फक्त पाच : केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन. हापूस त्यात नाही, कढीपत्त्याची जुडीही चालत नाही. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला यांना ही बंदी लागत नाही. तान्ह्या बाळाचं दुधाच्या पावडरचं बंद पाकीट चालतं. लोणचं चेक-इनच्या बॅगेतच ठेवा, हातातल्या पिशवीत ते द्रवपदार्थ म्हणून धरतात.

पासपोर्टच्या रांगेसाठी वेळ धरून चला. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपने सीमेवर नवी नोंदणी सुरू केली आहे. पहिल्यांदा येणाऱ्याचा फोटो घेतात, बोटांचे ठसे शेंगेन व्हिसावाल्यांचे अर्जाच्या वेळीच घेतलेले असतात. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत, फोटो मात्र घेतात. आणि एक महत्त्वाचं : बाबा आधीच अमेरिकेत असतील आणि आई एकटी मुलीला घेऊन निघाली असेल, तर बाबांचं सही केलेलं संमतिपत्र, त्यांच्या पासपोर्टची प्रत आणि मुलीचा जन्मदाखला आईच्या हातातल्या पर्समध्ये असू द्या. नेदरलँड्सचे सीमारक्षक याबाबत फार काटेकोर आहेत, आणि त्यामागचं कारण रास्त आहे. पालकांपैकी एकाने दुसऱ्याच्या नकळत मूल देशाबाहेर नेण्याचे प्रकार त्यांना थांबवायचे असतात. आईचं लग्नाआधीचं नाव पासपोर्टवर असेल आणि मुलीचं आडनाव वेगळं असेल, तर जन्मदाखला हवाच.

मुंबईहून युरोपला जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात आणि तिथे सकाळी उतरतात. हॉटेलची खोली मिळते दुपारी दोन-तीनला. आजीला सकाळी आठ ते दुपारी तीन लॉबीतल्या खुर्चीत बसवायचं का? परवडत असेल तर आदल्या रात्रीपासूनच खोली घ्या, आणि हॉटेलला लिहून कळवा की आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी येणार आहोत. कळवलं नाही, तर तुम्ही आलाच नाहीत असं समजून ते रात्रीतून बुकिंग काढून टाकतात. तिथल्या खोल्या लहान असतात आणि बऱ्याच ठिकाणी एका खोलीत दोघांनाच परवानगी असते. चौघांचं बुकिंग चौघांच्याच नावाने करा, मूल लपवू नका. कालव्याकाठची जुनी घरं फोटोत देखणी दिसतात, पण त्यांचे जिने शिडीसारखे उभे असतात. लिफ्ट आहे का आणि ती आपल्या मजल्यापर्यंत जाते का, हे दोन्ही विचारा. शहराचा पर्यटन कर खोलीच्या भाड्यावर साडेबारा टक्के आहे. बुकिंगच्या आकड्यात तो धरलाय की नाही, बघून घ्या.

विमानतळ ते शहर ट्रेनने पंधरा ते वीस मिनिटं. टॅक्सी घ्यायची तर बाहेरच्या अधिकृत रांगेतूनच. आत येऊन 'टॅक्सी, टॅक्सी' विचारणाऱ्याच्या मागे जाऊ नका. ट्रेनला बँकेचं कार्ड टेकवून जाता येतं, पण एका कार्डावर एकच माणूस. स्किपोलच्या स्टेशनात फाटकं नाहीत, नुसते खांब आहेत. बाबांनी कार्ड टेकवलं आणि सगळे फलाटावर उतरले, कुणी अडवलं नाही. अ‍ॅमस्टरडॅमच्या मुख्य स्टेशनात मात्र काचेची फाटकं. बाबा बाहेर, आई आणि आजी आत, मागे लोकांची रांग. म्हणून प्रत्येक मोठ्या माणसाचं वेगळं कार्ड. आत जाताना जे टेकवलं तेच बाहेर पडताना टेकवायचं. जाताना प्लास्टिकचं कार्ड आणि येताना फोन असं केलं, तर यंत्र दोघांना वेगळं समजतं आणि जास्तीचे पैसे कापतं. चार ते अकरा वर्षांच्या मुलांचं स्वस्त तिकीट वेगळं निघतं, ते यंत्रावर किंवा अ‍ॅपवर घ्या. हे सगळं चालायला निघण्यापूर्वी बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन कार्डाचा परदेशी वापर आणि 'टॅप' हे दोन्ही सुरू करा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नव्या कार्डांवर ते मुळात बंदच असतात.

पहिल्या दिवशी दुपारी दीड तास झोप, गजर लावून, त्याहून जास्त नाही. संध्याकाळी कालव्यातली तासाभराची बोट. बसून शहर दिसतं, आजीला चालावं लागत नाही. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, तेव्हा मुलीला झोपवायला पडदे ओढावे लागतील. डिसेंबरमध्ये साडेचारलाच अंधार होतो, बोट आधी उरकून घ्या. आणि काही केलं तरी मुलगी पहाटे साडेतीनला टक्क जागी होणार, कारण तिच्या शरीरात सकाळचे सात वाजलेले असतात. त्या वेळी बाहेर काही उघडं नसतं. खाकरे, सुकी भेळ, कोरडा उपमा आणि प्रवासाची छोटी किटली, एवढं मुक्कामाच्या बॅगेत असलं की ती पहाट सोपी जाते. खोलीत किटली असेलच असं नाही.

मधला पूर्ण दिवस एकाच मोठ्या गोष्टीला द्या. राइक्सम्युझियम, म्हणजे तिथलं राष्ट्रीय कलासंग्रहालय, रोज नऊला उघडतं, अठरा वर्षांखालच्यांना फुकट आहे. चित्रकार व्हॅन गॉगच्या संग्रहालयाचं तिकीट वेळ ठरवून ऑनलाइनच मिळतं. नाझींपासून लपून राहिलेल्या आणि डायरी लिहिणाऱ्या अ‍ॅन फ्रँक या ज्यू मुलीच्या घराची तिकिटं दर मंगळवारी, सहा आठवड्यांनंतरच्या दिवसांसाठी खुली होतात आणि भराभर संपतात. तिथेही जिने उभे आहेत, आजीचा विचार करून ठरवा. सात वर्षांच्या मुलीसाठी मला झान्से स्खान्सच्या पवनचक्क्या जास्त पसंत आहेत. मुख्य स्टेशनातून झानडाइकपर्यंत ट्रेन, मग थोडं चालणं. एप्रिलात असाल तर ट्यूलिपची क्युकेनहॉफ बाग, पण मग त्या दिवशी दुसरं काही नको. आणि मुख्य स्टेशनाच्या मागून पलीकडच्या काठावर जाणारी फेरीबोट सगळ्यांना फुकट आहे. मुलं तीतच सर्वांत रमतात.

रस्त्यावर लालसर पट्टा दिसला की मुलीचा हात धरा. तो फूटपाथ नाही, सायकलींचा रस्ता आहे आणि त्या थांबत नाहीत.

जेवणाचे हाल होत नाहीत. दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाम या तेव्हाच्या डच वसाहतीत १८७३ पासून नेलेल्या भारतीय गिरमिटियांचे, म्हणजे करारावरच्या मजुरांचे, वंशज आज नेदरलँड्समध्ये मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांच्या खानावळींत रोटी, बटाटा आणि लांब चवळीच्या शेंगांची भाजी मिळते. सोबत उकडलेलं अंडं किंवा कोंबडी असते, तेव्हा मागतानाच ते नको म्हणून सांगा. काटेकोर शाकाहारी असाल तर चीज विचारून घ्या. पारंपरिक चीज वासराच्या जठरातल्या विरजणाने बनवतात.

निघायच्या दिवशी, विमान दुपारी एकचं असेल तर साडेनऊला सामानघरात पोचा. सात बॅगा सोडवून ट्रॉलीवर चढवायला अर्धा तास सहज जातो. अमेरिकेच्या विमानासाठी सुरक्षेचे जादा प्रश्न विचारतात : बॅग कुणी भरली, कुणाचं पार्सल आहे का. आजीला हे आधी सांगून ठेवा, म्हणजे ती गोंधळणार नाही. पासपोर्टची रांग परत आहेच. काउंटरवर पट्ट्यांवर या वेळी जे-एफ-के आहे का ते वाचा, आणि पावत्या आठ आहेत ना, मोजून घ्या.

नमस्कार.